थोरल्या घरची चकमक

कऱ्हाटीच्या भिमाला उभ्या आयुष्यात कुणी कसला सल्ला विचारला नव्हता, आणि खरं सांगायचं तर त्याला त्याचं काही वाटतही नव्हतं. थोरला भाऊ आबाजी बोलायचा आणि भिमा चालायचा. मेंढरं कुठल्या वाटेनं न्यायची, खतासाठी रात्रीची कुणाच्या रानात बसवायची, कुठला नर ठेवायचा नि कुठला विकायचा, हे सगळं आबाजीच्या जिभेवर. भिमाच्या वाट्याला हातांचं काम. लोकर कातरावी भिमानं, अडलेली मेंढी सोडवावी भिमानं. "डोकं आबाला दिलंय देवानं, मला हात दिल्यात," असं तो आपणहून सांगायचा आणि वर हसायचा. त्याची बायको कौसल्या म्हणायची, "ह्यांच्या म्होरं पुरणपोळी ठेवा न्हायतर शिळी भाकर ठेवा, ढेकर येकच!"

असा हा माणूस पंचावन्नच्या पुढं गेल्यावर आग पाडायला शिकला. आता तुम्ही म्हणाल, जन्मभर रानात राहिलेल्या धनगराला आग पाडता येऊ नये? नव्हती येत. काडीपेटी आहे की! आणि काडीपेटी दमट झाली तर आबाजी आहे. आबाजीच्या कमरेला लोकरीचा एक बटवा असायचा. त्यात तळहाताएवढं पोलाद, एक पांढरी गारगोटी आणि जळक्या चिंधीची डबी. सगळं मिळून त्याला चकमक म्हणायचं. आबाजीनं ती दोनचारदा झाडली की ठिणगी पडायची, फुंकर घातली की जाळ. भिमा बघायचा आणि लाकडं आणायला जायचा. शिकायची गरजच काय पडली होती?

त्या घराची एक रीत होती. दिवाळीच्या पाडव्याला मेंढरांची पूजा व्हायची आणि बिरोबाच्या नावानं मेंढीचं दूध मातीच्या बोळक्यात उतू घालायचं. त्या दिवशी काडीपेटी वाघरीच्या, म्हणजे मेंढरांभोवती लावायच्या जाळीच्या आत न्यायची नाही. विस्तव चकमकीनंच पाडायचा, आणि तो मान कऱ्हाटीच्या थोरल्या घराचा. घरातल्या गड्याच्याच हातानं, बाईचा हात लागायचा नाही, असं जुन्यांनी ठरवून ठेवलेलं. वरकुट्याचे, बावड्याचे भाऊबंद त्यासाठी कऱ्हाटीला यायचे. दूध ज्या दिशेला उतू जाईल, तिकडं वर्ष चांगलं.

नव्वदीच्या त्या सालांत मेंढरं राहिली होती नावाला. पोरं बारामतीच्या एमआयडीसीत कामाला लागली. खाली इंदापूरकडं कालव्याच्या पाण्यानं रानोरान ऊस झाला, मग मेंढरं बसवायची कुठं? कळप विकला, मोजकी मेंढरं ठेवली, दोन म्हशी घेतल्या. भिमा रोज सायकलला कॅन अडकवून डेअरीला दूध घालायला लागला आणि त्यातही खूश राहिला. आबाजीला मात्र ते जड गेलं. त्याच्याकडं सांगायला काही उरलं नाही. उरला तो बटवा आणि पाडव्याचा मान.

आणि श्रावणात त्याच आबाजीवरून वारं गेलं. उजवं अंग पडलं. जीभ वाचली, जराशी जड झाली एवढंच, पण उजवा हात म्हणजे मांडीवर ठेवलेलं लाकूड. डॉक्टर म्हणाले, हात-पाय हलवत राहा, माणूस उठून चालेल. आबाजीनं ते ऐकलं आणि भिंतीकडं तोंड करून झोपला.

भेटायला माणसं आली. वरकुट्याचा चुलतभाऊ मोहनराव मोटारसायकलवरून मोसंबी घेऊन आला. माणूस वाईट नव्हे. ऊस, ट्रॅक्टर, कारखान्याचा सभासद, बोलणं रोखठोक. खाटेशेजारी टेकला आणि म्हणाला, "आबा, पाडव्याचा घोर लावून घिऊ नका. औंदापासनं चकमक आमच्याकडं द्या. आमच्या तात्यांचा हात अजून चालतोय. देवाचं काम अडून ऱ्हायला नको."

आबाजीनं डावा हात उचलून खुंटीवरच्या बटव्याकडं बोट केलं. "न्ये," म्हणाला.

तेवढ्यात आतून आबाजीची बायको द्वारकाबाई चहाची थाळी घेऊन बाहेर आली. चहा मोहनरावापुढं ठेवत ती म्हणाली, "न्यायची कशाला? घरात गडीमाणूस मेलाय व्हय? पाडव्याला आमचं भावजी झाडतील. त्येंच्याच्यानं न्हाय जमलं, तर तितनंच घिऊन जावा."

आत आधीच मिळालेला चहा भिमा उंबऱ्यात बसून बशीतून पीत होता. तो चहा त्याच्या धोतरावर सांडला.

"कोण, भिम्या?" आबाजीला हसू आलं, पण ते हसू बरं नव्हतं. "त्याला वाऱ्यात काडी वडता येत न्हाय."

सगळे हसले. भिमाही हसला. खोटं काय होतं त्यात? मोहनराव म्हणाला, "बरं, वैनी म्हणत्यात तर तसं," आणि चहा पिऊन गेला.

तो गेल्यावर गोठ्यात द्वारकाबाईनं भिमाला गाठलं. ती बावड्याची लेक. आबाजीबरोबर जन्मभर वाड्यावर हिंडलेली, म्हणजे मेंढरांच्या मागं, घोड्यावर संसार लादून. तिला आडपडदा माहीत नव्हता. "भावजी, त्यो बटवा वरकुट्याला गेला, की ह्यो माणूस खाटंवरनं उठायचा न्हाय. डाक्टर कायबी म्हणू द्यात. दोन दीस झालं, घास खाल्ला न्हाय धड. कळतंय न्हवं?"

"कळतंय की वैनी. पर मी काय करू?"

"शिका."

"मी?"

"न्हाय, ह्या म्हशीला शिकवती!"

भिमानं डोकं खाजवलं. "पर शिकवणार कोण? आबा तर बटव्याला हात लावू द्यायचा न्हाय."

द्वारकाबाईनं इकडंतिकडं बघितलं आणि गव्हाणीच्या मागच्या कोनाड्यातून एक फडकं काढलं. त्यात मोडक्या कानशीचा तुकडा आणि नदीतली गार, म्हणजे तशीच गारगोटी.

"तुमाला येती?" भिमाचे डोळेच मोठे झाले.

"मग? तुमी दोघं भाऊ मेंढरांमागं, कुठं डोंगराला गेलासा पत्त्या न्हाय, पोरं भुकंनं रडत्यात, काडीपेटी भिजून लगदा. चूल काय मालकाची वाट बघत बसती व्हय? देवाच्या चकमकीला बाईनं शिवायचं न्हाय, ठीक हाय, न्हाय शिवत. पर कानशीत कुठला देव बसलाय?"

भिमा खो खो हसला. इतकी वर्षं आपण काडीपेटी वाळत घालायचो आणि वाड्यावर भाकरी गरम मिळायची, ती कशी, हे त्याला त्या दिवशी कळलं.

पहिले धडे कडब्याच्या गंजीमागं झाले. शहाणपण बघा, आग पाडायला शिकायची आणि तीही वाळल्या कडब्याच्या आडोशाला! द्वारकाबाईच्याच ध्यानात आलं आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. मग दोघं कऱ्हा नदीच्या पात्रात जायला लागली. पाणी नावालाच होतं, वाळू भरपूर, पेटण्यासारखं काही नाही. डेअरीवरून येताना भिमा सायकल तिकडं वळवायचा, द्वारकाबाई धुणं घेऊन यायची. कौसल्येला संशय आला की नवरा चोरून विडी ओढायला लागलाय. तिनं एकदा त्याचं तोंडसुद्धा हुंगून बघितलं.

धडा सोपा होता, ऐकायला. डाव्या हातात गार धरायची, गारेच्या कडेला जळक्या चिंधीचा तुकडा ठेवायचा, अंगठ्यानं दाबायचा. उजव्या हातानं पोलाद गारेवर झाडायचं. ठिणगी चिंधीवर बसली की चिंधी धुमसते. मग ती वाळल्या गवताच्या आणि काथ्याच्या घरट्यात ठेवून फुंकायची. भिमानं पहिला फटका असा हाणला की कानस सटकून बोटांची सालटी निघाली. दुसरा अंगठ्यावर बसला. तो जोर लावायचा, घाम गाळायचा, गारेचे तुकडे उडवायचा, पण ठिणगी म्हणून दिसायची नाही.

"खिळा ठोकताय व्हय?" द्वारकाबाई म्हणायची. "भावजी, गारंशी काय दावा हाय तुमचा?"

चिंधीची तर वेगळीच तऱ्हा. द्वारकाबाईनं सांगितलं, धोतराची जुनी चिंधी घ्या, जाळा, धुमसत असतानाच डबीत कोंडा, म्हणजे ती काळी होते पण राख होत नाही. भिमानं देवाचं काम म्हणून चांगल्यातलं चांगलं धोतर काढलं, पुतण्याच्या लग्नात आहेर आलेलं, पांढरंशुभ्र, परीटघडीचं. त्याचा सोगा फाडून पेटवला. चिंधी काळी व्हायच्या जागी वितळली, टपटप गळली आणि डबीच्या तळाला काकवीसारखी चिकटून बसली. वास असा सुटला की म्हशींनी दावी ताणली. ते धोतर निघालं टेरिकॉटचं! आता सगळ्या गावातच तसलं कापड. भिमाच्या अंगावरचा सदरा टेरिकॉटचा, आबाजीचा नवा पटकासुद्धा तसलाच. सबंध घरात निखळ सुती म्हणून काय सापडलं, तर द्वारकाबाईच्या जुन्या गोधडीचं अस्तर. धोतराचा पराक्रम कौसल्येला कळला तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. ती आधी धोतरासाठी ओरडली, मग म्हणाली, "शिकताय तर शिका. पर चारचौघांत आमची शोभा करू नका, म्हंजी झालं."

नवरात्र गेलं, दसरा गेला. भिमा रोज पात्रात बसत होता आणि हात फोडून घेत होता. रागावला मात्र कधी नाही. त्याला राग येतच नव्हता, त्याला आपली गंमत वाटायची. पण एक दिवस द्वारकाबाईचाच धीर सुटला. घरी आबाजीनं भाकरीची ताटली सरकवून दिली होती. ती वाळूत बसून पदरानं डोळे पुसायला लागली. "ऱ्हाऊ द्या भावजी. जाऊ द्या वरकुट्याला. तुमच्या हातांस्नी तरी किती तरास द्यायचा."

भिमा आपल्या हातांकडं बघत राहिला. ह्या हातांना काय येतं? कातरायला येतं. लोकर कातरताना कातर मेंढराच्या अंगात घालायची नसते, नुसती कातडीवरून घसरवायची असते. लोकर तेवढी निघते, मेंढराला कळतही नाही. जोर लावला की रक्त.

त्यानं गार उचलली आणि कानस नुसती कडेवरून खाली घसरवली, मेंढरू धरल्यासारखी. चर्र झालं आणि ठिणग्यांचा झुबका उडाला. त्यानं परत घसरवली. एक ठिणगी चिंधीवर बसली, तांबडी झाली आणि हळूहळू पसरायला लागली.

"वैनी! बसली! बसली वैनी!"

"ओरडू नका, फुका!"

त्यानं घरटं हातात धरून फुंकलं, धूर झाला, धूर दाट झाला आणि भप्पकन जाळ आला. भिमाच्या मिशा होरपळल्या. पंचावन्न उलटलेला गडी वाळूत उड्या मारायला लागला, आणि द्वारकाबाई रडता रडता हसायला लागली. त्यानं परत पाडली. परत. मग पाडव्यापर्यंत रोज. वाऱ्यात पाडली, दहिवर पडलेल्या गवतावर पाडली. आता हात चुकेनाच.

आणि तेव्हापासून ह्या समाधानी माणसाला पहिल्यांदाच एका गोष्टीची हाव सुटली. सायकल चालवताना त्याला वाघर दिसायची, भोवती जमलेले भाऊबंद दिसायचे, मोहनरावाचं उघडं पडलेलं तोंड दिसायचं. 'भिमानं पाडली!' असं चार लोकांनी म्हणावं असं त्याला मनापासून वाटायचं. आयुष्यात एकदा तरी. त्यात चूक ती काय?

पाडवा आला. मेंढरांच्या पाठी गेरूनं रंगवल्या, गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या. भाऊबंद आले, बायका-पोरं आली. शेणींच्या बेचक्यात दुधाचं बोळकं ठेवलं. आबाजी यायलाच तयार नव्हता, पोरांनी खुर्चीत घालून आणला आणि घोंगडीवर बसवला, पाठीला कडब्याचं ओझं. आबाजीनं बोळक्याकडं पाठ फिरवली आणि रानाकडं बघत बसला. खुंटीवरच्या बटव्याला द्वारकाबाई शिवली नाही, मोहनरावानंच तो आणून भिमाच्या हातात दिला. "झाडा भिमाभाऊ. न्हाय जमलं तर काय बी वाटून घिऊ नका."

भिमानं गार घेतली. देवाची गार, कानशीबरोबरच्या गारेपेक्षा कितीतरी सरस. पोलाद हातात बसलं. चिंधी ठेवली, अंगठा ठेवला. एकदा घसरवली की झालं, हे त्याच्या हातांना पक्कं ठाऊक होतं.

झाडायच्या आधी सवयीनं त्यानं आबाजीकडं बघितलं. आबाजीनं तोंड फिरवलेलं होतं. पण त्याचा डावा हात घोंगडीवर होता, आणि त्या हाताचा अंगठा हलत होता. दाबत होता, सोडत होता, परत दाबत होता. हातात गार असल्यासारखा.

भिमानं उचललेलं पोलाद खाली घेतलं. मान कऱ्हाटीतच राहील, हे खरं. पण आबाच्या हातून तर गेलाच की! वरकुट्यानं नेला काय आणि भिमानं नेला काय, भिंतीकडं तोंड करून झोपायचं ते आबालाच.

त्यानं अंगठा सरकवला. चिंधी गारेखाली गेली. मग जोरात फटका हाणला, पहिल्या दिवशी हाणला होता तसा. खण्ण! काही नाही. परत हाणला. चिंधीच खाली पडली. गर्दीत कुणीतरी हसलं. कौसल्येनं डोळे मिटले. द्वारकाबाई मात्र त्याच्या अंगठ्याकडं टक लावून बघत राहिली, आणि तिच्या कपाळाला आठी पडली.

तिसऱ्या फटक्याला भिमानं गारच खाली पाडली.

"आरं गाढवा!" आबाजी गरजला. जड जीभ, पण आवाज जुना, कळपावर टाकायचा. मान इकडं वळली होती, डोळे पेटले होते. "अंगठा! अंगठा कुठं ठिवतूस? गार अशी धरत्यात व्हय? कवाधरनं आवाज ऐकतूय, ठाकठूक, ठाकठूक!"

"राहत न्हाईत रं बोटं, आबा," भिमा म्हणाला. तो उठला आणि गार घेऊन आबाजीपुढं उकिडवा बसला. "मारायचं कायतरी जमतंय, पर धरायला न्हाय जमत. तू धर की. धरायचा हात चांगला हाय तुझा."

आबाजी त्या गारेकडं बघत राहिला. मग डावा हात पुढं आला. गार तळव्यात बसली, चिंधी कडेला लागली, अंगठा तिच्यावर. दगडासारखा स्थिर हात.

"मार आता. वरनं खाली. जोर नगं लावू."

भिमानं जरा वाकडी मारली, मग जराशी बरी.

"आसं. आता आजून हलकी."

भिमानं पोलाद घसरवलं. झुबका उडाला आणि ठिणगी आबाजीच्या अंगठ्याशेजारी बसली. आबाजीनं स्वतः हात तोंडाशी नेऊन चिंधीवर फुंकर घातली, भिमानं पुढं केलेल्या घरट्यात ती ठेवली, परत फुंकलं. जाळ झाला, भिमानं तो बोळक्याखालच्या शेणींत सरकवला. हलगी वाजायला लागली, भंडारा उडाला. दूध फसफसून वर आलं आणि उगवतीला सांडलं.

मोहनरावानं येऊन आबाजीच्या पायाला हात लावला. भिमाकडं वळून तो हसत म्हणाला, "मान ऱ्हायला बाबा तुमच्यात. पर भिमाभाऊ, येका चकमकीला दोन माणसं लागली की वं तुमच्या घराला!"

लोक खदखदून हसले. भिमाही हसला, आणि मनापासून हसला. जी हाव सुटली होती ती कुठं गेली, त्याला शोधूनही सापडेना. कौसल्या त्याच्या कानाशी लागून फणकारली, "नवं धोतर जाळलंसा ते जाळलंसा, आणि आयत्या येळी हात गळाले?" "गळालं बग," तो म्हणाला. द्वारकाबाईनं दुधाची वाटी आणून आबाजीच्या हातात दिली आणि दुसरी भिमापुढं धरली. त्याच्या अंगठ्याकडं एकवार बघून तिनं पदर तोंडाला लावला आणि ती मेंढरांकडं निघून गेली.

आबाजीनं वाटी एका दमात रिकामी केली. मिशीवरचं दूध पुसलं.

"भिम्या, ह्ये आसलं पुढल्या पाडव्याला चालायचं न्हाय. लोक हसत्यात. उद्यापासनं सकाळच्या पारी मला कऱ्हंच्या पात्रात घिऊन चल. आधी ह्यो पाय हलाय पायजे, तुला शिकवायचं म्हंजी खाली बसाय-उठाय आलं. धड शिकवतू तुला."

"मला जमंल का रं आबा, ह्या वयात?"

"न जमाय काय झालं?" आबाजी म्हणाला. "मी हाय न्हवं."